रवळूने पारखलेली काठी

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात रवळू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द आपण शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून वापरतो. त्याची आई वेगळा शब्द वापरायची.

या रवळूचा शेवंतीवर जीव जडला. खाडीपलीकडच्या गुंडू तांडेलांची ही मुलगी. जत्रेत तिने रवळूकडे बघून एकदा हसून खाजं खाल्लं होतं, तेव्हापासून याला भात गोड लागेना. पण तांडेलमामांची अट होती. मामा गळाने मासे धरण्यात पटाईत, आणि अंगात त्याची घमेंड. त्यांचं म्हणणं, जावई हवा तर काठी पारखणारा हवा. तीही साधीसुधी नाही, पिसाच्या गळाची.

पिसाचा गळ म्हणजे शिशाचा वाटाण्याएवढा मणी, त्यात गळ, आणि गळ झाकायला कोंबड्याचं पीस. माशाला वाटावं, कोळंबीच चालली आहे. हे प्रकरण इतकं हलकं, की जाड्या काठीला टोकाशी काही बांधलंय हेच कळत नाही. मग ते लांब कसलं जातंय, पायाशीच पडतं. मामा रविवारी येणार होते. रवळूने निवडलेली काठी बघून लग्नाचं ठरवणार होते.

आईने रवळूला बुरडाकडे पाठवलं आणि बजावून सांगितलं, की काठी हलकी बघून घे.

बुरडाच्या दुकानात कळकाच्या काठ्या होत्या, टोपल्या होत्या आणि कोपऱ्यात केरसुणी होती. रवळूने सगळं उचलून पाहिलं आणि केरसुणीतला एक हीर ओढून घरी आणला. त्याहून हलकं दुकानात काहीच नव्हतं. बुरडाने तो फुकटच दिला, बला गेली म्हणून.

आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, "अरे, काठी वाकवन बघूक व्हयी. सोडल्यार सरळ झाली तर घेवची."

"असां होय," रवळू म्हणाला. "आता समाजला."

समजलं होतंच. रवळूला सगळं समजायचं, फक्त, आई म्हणायची तसं, एक काम उशिरा समजायचं.

दुसऱ्या दिवशी आईला शिडी हवी होती. पाहुणा यायचा, तर छपराची गळकी कौलं बदलून घ्यावीत म्हणून. रवळू बुरडाकडे गेला. चांगली बांबूची शिडी त्याने भिंतीला लावली, मधोमध गुडघा दिला आणि दोन्ही टोकं धरून अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून वाकवली. शिडी सोडल्यावर सरळ झाली नाही. कारण तिचे दोन तुकडे झाले होते. तुकडे घरी आले आणि मागोमाग बुरूडही आला. त्याचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

आई म्हणाली, "शिडी कोण वाकवता रे? तिच्यार उभ्या रवान बघतत, वजन पेलता काय ता."

"असां होय. आता समाजला."

मग तो पुन्हा काठी आणायला निघाला. बुरूड त्याला लांबूनच बघून शटर ओढणार होता, पण रवळू आत शिरलाच. त्याने एकेक काठी दोन दगडांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर चढून उभा राहिला. काठ्या कडाकड मोडत गेल्या. शेवटी एका वाशाने त्याचं वजन पेललं. घराच्या आढ्याला घालतात तसला वासा. तो खांद्यावर घेऊन रवळू गावातून इतका ऐटीत आला, की लोकांना वाटलं, याने घर बांधायला काढलं.

"हेच्यार पिसाचो गळ फेकतलंस?" आईने विचारलं.

"पण पेलता, आये."

आईने डोळे मिटून घेतले. मग समजावलं, की काठीच्या टोकाला गळ बांधायचा आणि मनगटाने झटका देऊन फेकून बघायचा. लांब गेला तर ती काठी घ्यायची.

"असां होय. आता समाजला."

आता आईला मडकं हवं होतं, पाहुण्यांसाठी तांबोशी माशाचं तिखलं करायला. रवळू कुंभाराकडे गेला. पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. सगळ्यात लांब गेलेलं मडकं सरपंचांच्या अंगणात सापडलं, म्हणजे त्याचा गळा सापडला. रवळू तोच घेऊन आला, कारण लांब तोच गेला होता.

"मडकां कोण फेकता? टिचकी मारून आयकतत!"

"असां होय. आता समाजला."

शनिवारी रवळू पुन्हा काठीसाठी निघाला तेव्हा आईने पदर खोचला. पोराला मुलगी मिळावी ही तिची खरोखरची इच्छा होती, आणि हा आता काठ्यांना टिचक्या मारत सबंध दिवस घालवणार हे तिला दिसत होतं. ती त्याच्याबरोबरच गेली. त्याचा टिचकीचा हात तिने धरून ठेवला आणि म्हणाली, आजवर काठीबद्दल जे जे सांगितलं, तेवढंच कर.

आणि नवल झालं. रवळूने हलकी काठी उचलली. वाकवली, तर शेंडा वाकला आणि सुळकन सरळ झाला. बूड मात्र ताठ. गळ बांधून फेकला, तो रस्ता ओलांडून पलीकडच्या न्हाव्याच्या वाटीत अलगद पडला. बुरडाने काठीबरोबर नारळही दिला, पुन्हा येऊ नको म्हणून.

संध्याकाळी रवळूने त्या काठीने पहिला मासा धरला. करंगळीएवढा. तो तळहातावर मिरवत घरी आला, तेव्हा आई मायेने म्हणाली, "बारको गावलो तर परत पाण्यात सोडूचो, बाळा. मोठो झालो काय मग घेवचो."

"असां होय. आता समाजला."

रविवारी तांडेलमामा होडीतून आले. बरोबर शेवंतीही होती. मामांचं नाव खाडीभर मोठं, पण उंची बेताची. होडीत उभे राहिले तरी बसल्यासारखे दिसत. त्यांनी होडीतूनच हुकूम सोडला, फेक बघू. रवळूने फेकला. गळ वाऱ्यावर तरंगत गेला आणि मामांनी बोट दाखवलं होतं नेमका तिथेच टेकला.

मामांना इतका आनंद झाला, की ते होडीत उडी मारून नाचले. होडी कलली आणि मामा पाण्यात गेले. तिथे पाणी इतरांच्या छातीएवढं होतं, म्हणजे मामांच्या डोक्यावरून होतं.

सगळे ओरडत राहिले. रवळूने मात्र गळ फेकला, तो मामांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये अडकवला आणि ओढत ओढत मामांना काठाच्या पायरीवर आणलं. काठी कमानीसारखी वाकली, पण मोडली नाही. शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा धापा टाकत, निथळत, रवळूचा हात धरून म्हणाले, "काठी पारखलंस रे. पोरगी तुझी."

रवळूने मामांना नखशिखान्त न्याहाळलं. मग दोन्ही बगलांत हात घालून उचललं आणि परत पाण्यात सोडलं.

"मामानू," तो काठावरून प्रेमाने म्हणाला, "मोठे झालास काय मग येवा."

मामांना दुसऱ्यांदा होडीवाल्याने काढलं. त्याने मापबीप काही बघितलं नाही. होडी परत फिरली, शेवंतीसकट. आई पायरीवर मटकन बसली. रवळू मात्र खुशीत होता.

"बघितलंस, आये?" तो म्हणाला. "आज अजिबात उशीर केलंय नाय."