डबीतलं सर्किट

"आता तरी टेबल माझं ना, मास्तर?"

ईश्वरीला दम धरवत नव्हता. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्याशा कारखान्यात तपासणीचं टेबल गेली तीस वर्षं कुडाळकर मास्तरांचं होतं. नवा टेस्टर नीट चालला, तर मास्तर ते टेबल तिच्या हवाली करून घरी जाणार होते.

टेस्टर म्हणजे तळहाताएवढा एक बोर्ड. कारखान्यात बनलेलं सर्किट यूएसबीच्या वायरने त्याला जोडायचं. हिरवा दिवा लागला तर पास, लाल लागला तर नापास. सकाळीच ईश्वरीने त्यात स्वतः लिहिलेलं नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, चढवलं होतं, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"चाळीस सर्किटं लावली, मास्तर. चाळीसच्या चाळीस हिरवी! एकदाही अडकला नाही!"

"हं..."

मास्तरांनी खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. आता हे मळत बसणार, म्हणून ती मनातल्या मनात चरफडली.

डबीत तंबाखू नव्हताच. कापसात गुंडाळलेलं एक सर्किट होतं, एका कडेने जळून काळं पडलेलं.

मास्तरांनी ते टेस्टरला जोडलं.

हिरवा.

ईश्वरीचे कान तापले. "असं कसं... हे तर मेलेलं आहे!"

"तुझा दिवा काय म्हणतोय?"

ती लॅपटॉपला भिडली. पाचव्या मिनिटाला चूक सापडली. सर्किटकडून चुकीचं उत्तर आलं तर नापास, हे तिने लिहिलं होतं. उत्तरच आलं नाही तर काय, हे लिहिलंच नव्हतं. गप्प बसेल तो पास!

तिने दोन ओळी वाढवल्या. फर्मवेअर पुन्हा चढू लागलं. साठ टक्के... नव्वद... झालं! तिने घाईघाईने मेलेलं सर्किट लावलं.

"लाल! मास्तर, लाल लागला!"

ती खुर्चीवरून उडालीच. पॅकिंगच्या बायका हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. नापास झालं म्हणून नाचणारी मुलगी त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"मग, मास्तर... टेबल?"

मास्तरांनी सर्किट पुन्हा कापसात गुंडाळलं, डबीत ठेवलं आणि डबी तिच्या हातात दिली.

"तुझ्या टेबलावर हे जपून ठेव, पोरी. चांगली सर्किटं काय, रोजच बनतात."