रुपेरी झाडाचं फळ

फार फार जुन्या काळी, वर्षाला चार सरी पडल्या तरी लोक आभाळाला हात जोडत, अशा एका कोरड्या मुलखात एक राजा होता. त्याला जाड, रसाळ पानांच्या झाडांचा भारी नाद. त्याच्या बागेत रुपेरी पानांचं एक झाड होतं, त्या जातीचं शेवटचं. शेजारी लाल फुलांचं दुसरं. राजाला रुपेरी पानं आणि लाल फुलं एकाच रोपात हवी होती.

माळ्याने लाल फुलातले पराग कुंचल्याने रुपेरी झाडाच्या फुलावर टेकवले. फळ धरलं, फुगलं, पिकलं. फोडलं तर बिया नुसती टरफलं.

"महाराज, जाती दूरच्या आहेत," माळी म्हणाला. "गर्भ धरतो, पण पोटातच सुकतो. पुन्हा पुन्हा करून पाहावं लागेल."

"माझ्या बागेत असलं अभद्र बोलतोस?" राजा कडाडला. ऐन वैशाखात त्याने माळ्याला घोटभर पाण्याशिवाय सीमेपार हाकललं. तिसऱ्या दिवशी तो वाळूत मेलेला सापडला.

काम त्याच्या बायकोच्या गळ्यात पडलं. तिने रडू गिळून कुंचला हाती घेतला. पुन्हा फळ धरलं.

राजा हरखला. "याला रोज दोन घागरी पाणी घाल. फळ टपोरं झालं पाहिजे!"

माळीण दचकली. पानांत पाणी साठवणाऱ्या असल्या झाडाला इतकं पाणी म्हणजे विषच. शब्द तिच्या ओठांवर आले. पण घरात दोन लेकरं होती.

"जशी आज्ञा," ती म्हणाली.

रोज ती पाणी घाली. बुंधा मऊ पडला, आंबूस वास सुटला. प्रधानालाही तो आला. तो नाक दाबून पुढे निघून गेला.

एका सकाळी झाड मोडून चिखलात पडलं. कच्चं फळ फुटलं. या खेपेला बिया भरलेल्या होत्या. गर्भ धरला होता, पण अजून पाण्यासारखा कोवळा. पेरून उपयोग नव्हता. माळीण त्या बिया ओंजळीत घेऊन खाली बसली.

"मुळं कुजतील हे तुला कळलं नाही?" राजाने विचारलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं, महाराज."

"मग बोलली का नाहीस?"

माळिणीने सीमेकडे, नवरा मेला त्या वाळूकडे बोट दाखवलं. राजाने मान खाली घातली.

त्याने दवंडी पिटवली, खरं सांगणाऱ्याला अभय आहे. मग दिवसभर तो दरबारात वाट पाहत बसला. कोठारातल्या धान्याला कीड लागली होती, आणि ते दरबारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी तोंड उघडलं नाही. पुढच्या दुष्काळात कोठारं उघडली, तेव्हा आत नुसता भुगा होता.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवा: खरं सांगणाऱ्याचा जो जीव घेतो, त्याला पुढचं संकट कोणीच सांगत नाही.