मातीची शिंपली

खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. चिखलात रुतलेली एक तिसरी फार दमली होती. भरती आली की शिंपला किलकिला करायचा, पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाणं गाळून पाणी बाहेर सोडायचं. ओहोटी लागली की मिटून पडायचं. रोज दोनदा हेच, वर्षानुवर्षं.

तिच्या शेजारची म्हातारी शिंपली मात्र कायम मिटलेली असे.

"आक्का, तुम्हाला भूक नाही लागत?" तिसरीने एकदा विचारलं.

"मी उघडतच नाही," आक्का म्हणाली. "बायकांनी मला दोनदा वेचलं आणि दोनदा परत टाकलं. तुमच्यातली कोण सुटते अशी?"

तिसरीला ते पटलं. त्या भरतीला ती उघडली नाही, पुढच्याही नाही. आधी भूक लागायची, मग तीही लागेनाशी झाली. तिला बरं वाटलं.

एका ओहोटीला द्वारकाबाई सुनेला घेऊन तिसऱ्या काढायला आली. प्रत्येक शिंपली ती दगडावर वाजवून बघे. खणखणीत वाजली की टोपलीत. आक्का बद्द वाजली. पाठोपाठ तिसरीही.

"या दोन्ही मातीच्या," द्वारकाबाई सुनेला म्हणाली. "एक जरी टोपात गेली, तरी सगळं कालवण दाताखाली कचकचेल." तिने दोघींना चिखलात फेकलं.

"फसली बाई," तिसरी म्हणाली.

भरती आली. खूप दिवसांनी तिसरीने उघडायचं ठरवलं. शिंपला हलेना. आत काठोकाठ माती भरली होती.

बाई फसली नव्हती.