हद्दीचा दगड चालू लागला

फार पूर्वी शीलावती नगरीत उग्रबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी मोजणीदार होता. राज्यातली शेते, तळी, रस्ते सारे त्याच्याच दोरीने मोजले जात. त्याची दोरी बोटभरही चुकत नाही असे लोक म्हणत, आणि खरे सांगायचे तर त्यालाही ते ऐकायला आवडे.

राज्याच्या उत्तर टोकाला, जिथे जवाखेरीज काही पिकत नाही आणि चार पावले चालले की धाप लागते, अशा उंचीवर तुषारग्राम नावाचे वीस घरांचे गाव होते. गावावरच्या खिंडीसाठी दोन राजे पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले होते. शेवटी तह झाला. बोधिसत्त्वाने स्वतः वर जाऊन तिथल्या दगडगोट्यांच्या मैदानात, अलीकडचा तांबडा कडा आणि समोरचा पांढरा कडा यांच्या अगदी सरळ रेषेत, हद्दीचा काळा दगड उभा केला. त्याच्याभोवती हौसेने सात पांढऱ्या गोट्यांचे रिंगणही मांडले. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे काम उरकताच तो खाली उतरला.

बारा वर्षांनी बातमी आली, की दगड उतारावर आपल्या बाजूला सरकला आहे. दरबारात एकच गलका झाला. तुषारग्रामचा ग्रामणी, म्हणजे गावाचा मुखिया, तोबदन पलीकडच्या लोकांशी मिठाचा व्यापार करीत असे, तेव्हा त्यानेच फितूर होऊन दगड हलवला, असे सर्वांनी ठरवूनही टाकले. तोबदनला बांधून आणले. जमीनच चालते, असे तो सांगू लागला तेव्हा लोक पोट धरून हसले. राजा मोजणीदाराला म्हणाला, की जाऊन मोजून ये. गुन्हा शाबीत झाला की याला सूळ आणि तुला अमात्यपद.

बोधिसत्त्व एका दलपतीला बरोबर घेऊन वर गेला. दोरी लावली. दगड खरोखरच कड्यांच्या रेषेपासून तीनशेसाठ हात खाली होता. दलपती म्हणाला, झाले काम, चला. पण बोधिसत्त्वाचा पाय निघेना. दगड ओढल्याची खूण कुठेच नव्हती. शिवाय ते सात पांढरे गोटे होते तसेच, त्याच रिंगणात, दगडाभोवती बसलेले होते. दगड चोरणारा माणूस गोटेसुद्धा मोजून मांडून कशाला नेईल?

त्याने तिथेच मुक्काम टाकला. एक म्हातारी रोज दुपारी गावातून येई आणि मैदान संपून जिथे पाण्याचा ओहोळ बाहेर पडतो तिथे जाऊन बसे. ती तोबदनची आई, पाल्मो. चौथ्या दिवशी बोधिसत्त्व तिच्याजवळ गेला आणि कशाची वाट पाहता, असे त्याने विचारले.

"आमच्या ह्यांची," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. मिठाच्या बकऱ्या घेऊन येत होते, तांबड्या कड्यासमोर, मधल्या भेगेत गेले. बर्फ नेतं ते खाली आणून देतं, बाबा. मागल्या उन्हाळ्यात पुढच्या बकरीची घंटा आली. आता हे यायचे."

"बर्फ? इथे तर सगळे दगडगोटे आहेत."

"ते वरवर. खाली बर्फच आहे. तुम्ही दगड पुरलात तेव्हा मी म्हटलं होतं, इथे नको, चालेल तो. तुम्ही हसलात."

बोधिसत्त्वाला ते हसणे आठवले. भुताखेताची गोष्ट समजून तो हसला होता. त्याने कुदळ मागवली. हातभर गोटे उपसताच खाली निळे बर्फ लागले. मग त्याने कड्यापासून कड्यापर्यंत काठ्यांची सरळ रांग ठोकली आणि पंधरा दिवस वाट पाहिली. कडेच्या काठ्या जागीच राहिल्या. मधल्या मात्र हातभर खाली गेल्या आणि रांगेला पोक आले. एवढे मोठे मैदान आपल्या पायाखालून मुकाट्याने चालत होते, हे पाहून त्याला लहान मुलासारखा आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी त्याचे तोंड उतरले. चूक कोणाची, हे आता स्पष्ट होते.

दलपतीने त्याला बाजूला घेतले. म्हणाला, एका डोंगरी माणसासाठी एवढ्या वर्षांचे नाव घालवता? बर्फाची गोष्ट कोणाला कळायची आहे?

"मला कळली आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

दरबारात तोबदन साखळदंडात उभा होता. बोधिसत्त्वाने आपली दोरी राजाच्या पायाशी ठेवली.

"महाराज, गुन्हेगार मी आहे. मी हद्द बर्फावर पुरली. जाणत्या बाईने सांगितले, तेही ऐकले नाही."

राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुतूहल राजालाही सोडत नाही. तो वर गेला, पोक आलेली रांग त्याने पाहिली आणि निळ्या बर्फाला हात लावला. तोबदनला सोडले. हद्द पुढे दोन्ही कड्यांच्या पक्क्या खडकावर कोरली गेली, आणि मधले बर्फ कोणाचेच नाही असे दोन्ही राजांनी मानले. मोजणीदाराची दोरी मात्र राजाने काढून घेतली. अमात्यपदाचे नाव कोणी काढले नाही.

बोधिसत्त्व रिकाम्या हाताने पुन्हा तुषारग्रामला गेला. पाल्मोकडे त्याने लोकरीची दोरी मागितली. नवरा पडला ती जागा तिला विचारून घेतली आणि तिथपासून ओहोळापर्यंतचे अंतर दोनदा मोजले. बर्फ वर्षाला तीस हात चालते हे त्याला आता ठाऊक होते.

"आई, अजून चार उन्हाळे."

"चार ना?" ती म्हणाली. "मग तेवढं जगते."

चौथ्या उन्हाळ्यात बर्फाने तिचा माणूस परत दिला. ती ओहोळापाशीच बसलेली होती.

पुढे अनेक जन्मांनी, अंगणाची हद्द कोणाच्या झाडूपर्यंत, यावरून विहारात दोन भिक्षू भांडत होते. त्यांना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद, तोबदन म्हणजे सारिपुत्त, पाल्मो म्हणजे उत्पलवर्णा, आणि ज्याची दोरी गेली तो मोजणीदार मी होतो." दलपती कोण होता, ते त्यांनी सांगितले नाही. दोन्ही भिक्षूंनी आपापले झाडू भिंतीला टेकवून ठेवले. आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, ही बोधिसत्त्वाची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा.