दर्भाचा कावळा

“बुवा, कावळ्याला इंग्रजी कळतं का?”

देवस्थळी मास्तरांनी ओसरीवर पाय ठेवता ठेवताच विचारलं. अंगाला ओला पंचा, डोक्याचा गोटा केलेला. आज त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, अन्वयचा, दहावा होता.

निरंजनबुवा वाती वळत बसले होते.

“मराठी तरी कुठं कळतं त्याला?” बुवा म्हणाले. “बस, मास्तर.”

मास्तर बसले नाहीत.

मी मठात स्वयंपाक करतो. ओसरीवरून खालचा घाट दिसतो, त्यामुळं सकाळपासूनचं सगळं मी पाहिलं होतं. पिंड मांडून झाला. कावळे समोरच्या झाडावर हवे तेवढे होते, पण एकही खाली उतरेना. मग रीतीप्रमाणं एकेक नातेवाईक पुढं होऊन गेलेल्याला वचन देऊ लागला. काका म्हणाले, तुझ्या बायकोची काळजी करू नकोस. आत्या म्हणाली, तुझं वर्षश्राद्ध चुकवणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी मास्तर पुढं झाले, हात जोडले आणि खणखणीत इंग्रजीत बोलले. घाटावरचे दोघेतिघे गालात हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू?

तरी कावळा आला नाहीच. ऊन डोक्यावर आल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि हात झटकले. माणसं आंघोळीला गेली.

“इंग्रजीत का बोललास?” बुवांनी विचारलं.

“त्याला मराठी येत नव्हतं.”

“तुझ्या पोटच्या पोराला?”

“मी येऊ दिलं नाही.” मास्तरांची मान अजून ताठ होती. “घरात मराठी बोलला की मी ऐकूच न आल्यासारखा बसायचो. पाणी मागितलं तरी. एक उन्हाळा गेला, बुवा, मग पोरगं फाडफाड बोलायला लागलं. आणि माझं चुकलं काय? जगाची भाषा आहे ती! हा हॉलंडला गेला, ही मुलगी व्हिएतनामहून तिथं आली. इंग्रजी नसती तर दोघं एका बाकावर बसून मुकीच राहिली असती. त्यांचा संसार त्या भाषेनं मांडला.”

त्यांनी खाली बोट दाखवलं. त्यांची सून, लान, पांढऱ्या कपड्यात शेवटच्या पायरीवर एकटीच बसली होती.

“चुकलं असं कोण म्हणालं?” बुवा म्हणाले.

“माझ्या इंग्रजीच्या क्लासमधून अर्धा तालुका परदेशी गेला.”

“खरंय की. माझा भाचाही त्यातलाच. दर दिवाळीला फोन करतो बिचारा.”

मास्तरांनी पंच्याचं टोक पिळलं.

“बरं, पिंडासमोर काय म्हणालास?”

मास्तरांनी म्हणून दाखवलं. इंग्रजीत, एकदाही न अडखळता.

“आता मला कळेल असं सांग.”

“तुझ्या जाण्याने आम्हांला अतीव दुःख झाले आहे. या कठीण प्रसंगी आम्ही तुझ्या कुटुंबाच्या पाठीशी आहोत. ईश्वर तुझ्या आत्म्यास...”

“थांबलास का?”

“हे...” मास्तर बुवांकडं बघतच राहिले. “हे सांत्वनपर पत्र आहे. दहावीच्या मुलांना शिकवतो ते.”

बुवांचा वातीवरचा हात थांबला.

“तुझ्याशी शेवटचं कधी बोलला तो?”

“तिथल्या दवाखान्यातून. फोनवर. मी विचारलं, हाऊ आर यू. तो म्हणाला, आय अ‍ॅम फाइन, बाबा.”

“मग?”

“मी म्हटलं, गुड.”

...

“दुसऱ्या दिवशी गेला,” मास्तर म्हणाले आणि बसले. सकाळी मी हसलो होतो त्याची मला लाज वाटली.

“बुवा, कावळा शिवला नाही म्हणजे त्याची काहीतरी इच्छा राहिली. ती कोणती, एवढंच सांगा. घर विकायला सांगा, विकतो. काय वाटेल ते करतो.”

“मला कसं कळणार?”

“मग कुणाला कळणार?”

बुवांनी वाती बाजूला सारल्या आणि मला खूण केली. मी आतून मूठभर भात आणला. तो घेऊन बुवा काठी टेकत घाट उतरले. मागं मास्तर, त्यांच्या मागं मी.

बुवांनी भात लानच्या ओंजळीत ठेवला. नदीकडं हात केला. मग स्वतःच्या ओठांना बोट लावून पाण्याच्या दिशेनं नेलं. बोल, असं.

तिनं हळूच काहीतरी विचारलं.

“इंग्रजीत बोलू का, विचारते आहे,” मास्तर म्हणाले.

बुवांनी मान हलवली. नाही.

ती उठून गुडघाभर पाण्यात गेली. पुढं काय करायचं हे तिला सांगावं लागलं नाही, तिच्याकडंही गेलेल्या माणसाला भात ठेवतात म्हणे. थोडा थोडा भात सोडत ती तिच्या भाषेत बोलायला लागली. आधी सावकाश. मग उशिरा घरी आलेल्या माणसाला रागवावं तशी. मध्येच एकदा हसली. आणि मग असं बोलायला लागली की बोलणं कुठं संपतं आणि रडणं कुठं सुरू होतं ते समजेना. आम्हां तिघांना एक अक्षर कळत नव्हतं.

अन्वयचं नाव तेवढं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. आणि एकदा, स्पष्ट, “बाबा” असं आलं.

मास्तर दचकले.

“माझ्याबद्दल बोलली ती! बुवा, ऐकलंत ना? तो तिला माझ्याबद्दल काहीतरी बोलला असणार. तिला ठाऊक आहे.”

लान पाण्यातून बाहेर आली. मास्तर तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. इंग्रजीत विचारताना त्यांचा आवाज कापत होता, पण वाक्य बिनचूक असावं.

लाननं चेहरा पुसला. केस नीट केले. पाहुण्यांसमोर हसतात तसं हसली.

“नथिंग, बाबा. थँक यू फॉर एव्हरीथिंग.”

मास्तरांनी पुन्हा विचारलं. हात जोडून विचारलं.

तिचे ओठ हलले. “ही वॉज...” एवढं म्हणून ती थांबली. किती तरी वेळ शब्द शोधत राहिली. मग “सॉरी, बाबा,” म्हणाली आणि पायऱ्या चढून गाडीकडं निघून गेली. संध्याकाळी तिचं विमान होतं. ती आता इकडं परत कशाला येते?

मास्तर तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत राहिले.

“आता तू बोल,” बुवा म्हणाले.

मास्तर पाण्याकडं वळले.

“बाळा...” म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाला बिचकले. हा शब्द त्यांनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला होता. पुढं काही येईना. मराठीतही नाही, इंग्रजीतही नाही. मी तोंड फिरवलं, मला बघवेना.

शेवटी ते बुवांकडं वळले.

“मी आणि सून, दोघंही इंग्रजीच बोलतो, बुवा. सगळं जग बोलतं. मग राहिलेलं कोणत्या भाषेत बोलायचं?”

बुवांनी हाताला चिकटलेली शितं पाण्यात धुतली...

“राहिलेलं कुणी बोलत नाही, मास्तर. घेऊन जातात. तोही घेऊनच गेला.”