पांगुळगाडा

गावं लहान होती आणि अवजारं बोलत असत, तेव्हाची गोष्ट. रखमाजी सुतार देवळाचा दरवाजा घडवत होता. तो घरी जायला उठला की त्याचा रंधा म्हणायचा, "धनी, अजून खरखरीत आहे. एक हात फिरवा." रखमाजी पुन्हा बसायचा.

कोपऱ्यात त्याच्या लेकीचा पांगुळगाडा चाकांवाचून पडला होता. तो म्हणाला, "रंधेदादा, बायजा उभी राहायला लागली. माझं कधी?"

"देवाचं काम आधी! पोर काय पळून जातेय?"

दरवाजा झाला. गावाने वाहवा केली. मग कुठे पांगुळगाड्याला चाकं लागली. रंध्याने तो लोण्यासारखा गुळगुळीत केला. गाडा खांद्यावर आणि रंधा पिशवीत घेऊन रखमाजी घरी आला.

बायजा अंगणात कोंबडीमागे धावत होती.

"ही चालते?" रखमाजीने विचारलं.

"कधीची! भिंत धरून शिकली," बायको म्हणाली. "तुम्ही निजलेली पोर बघता, तुम्हाला कसं कळणार?"

बायजाने बापाला पाहिलं आणि ती आईच्या पदराआड लपली.

रखमाजीने मान खाली घातली. पांगुळगाडा गप्पच होता. पिशवीतल्या रंध्याला वाटलं, याने निदान एक टोमणा तरी मारावा.