तिसऱ्या मजल्यावरचा दवाखाना

कामगारांसाठी दवाखाना काढणं भागच पडलं, तेव्हा नारखेडेमालकांनी तो आपल्या जिनिंगच्या तिसऱ्या मजल्यावर काढला. खालची जागा कापसाच्या गाठींना हवी होती. वर्षभर तिकडे एकही पेशंट फिरकला नाही. “माझी माणसं ठणठणीत आहेत,” असं चारचौघांत सांगून मालक स्वतःच कुलूप घेऊन जिना चढले.

वर पोचेपर्यंत त्यांच्या छातीचा भाता झाला. साळवे सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधला.

“मालक, पहिले पेशंट तुम्हीच,” त्या म्हणाल्या. “दमेकरी पहिल्याच जिन्यावर टेकतात आणि माघारी जातात. तुम्हाला दवाखाना बंद करायचा होता, म्हणून तुम्ही इथवर पोचलात.”

त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्याला कुलूप लागलं, आणि खाली मालकांच्या कचेरीत दवाखाना उघडला.